काजूचा कारखाना नको, काजूची गिरणी हवी : आठ वर्षांचा हिशेब

बियावाला

परवा या चर्चामंचावरच्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "कोकणातला शेतकरी कच्ची बी विकतो म्हणून गरीब आहे. गावोगाव प्रक्रिया उद्योग काढा, गरिबी आपोआप हटेल." त्याखाली वीस-पंचवीस जणांचं +१. मी उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं भांडण फक्त त्या 'आपोआप' शब्दाशी आहे.

आधी ओळख. सावंतवाडी तालुक्यात माझा काजूचा कारखाना आहे. 'कारखाना' म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, बी उकडायचा एक कुकर, चार कटर, एक बोरमा (गर सुकवायची भट्टी) आणि सात बायका. दिवसाला १०० किलो बी फुटते. आठ वर्षं झाली. बंद पडलेला नाही, आणि मी गाडीही घेतलेली नाही, यावरून काय ते समजा.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाळलेली बी वाफेवर उकडायची आणि रात्रभर पसरून गार करायची. सकाळी कटरवर बसायचं. बी दोन पात्यांच्या मध्ये नेमकी बसवायची, पायाने पट्टी दाबायची, हाताने दांडा ओढायचा, की टरफल दोन बाजूंना उकलतं आणि आत सालीसकट गर दिसतो. पातं जरा आत गेलं की गराच्या दोन पाकळ्या. अख्खा गर किरकोळीत ८५० रुपये किलो, पाकळी आणि तुकडा सरासरी ६५०. म्हणजे किलोमागे २०० रुपयांचा फरक त्या बाईच्या पायाच्या दाबात असतो. पुढे बोरम्यात सहा-आठ तास सुकवणं, मग सुरीच्या टोकाने साल काढणं, मग प्रतवारी.

आता हिशेब. आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे असतील.

१०० किलो बी, १३० रुपये दराने १३,००० रुपये. त्यातून २६ किलो गर. घाऊक विक्रीत सगळा माल धरून सरासरी ७०० रुपये, म्हणजे १८,२०० रुपये. टरफल तेलवाल्यांना आणि भट्टीवाल्यांना जातं, त्याचे सहाशे. खर्चाला सात जणींची २८० प्रमाणे १,९६० मजुरी, लाकूड आणि वीज ३५०, पॅकिंग-वाहतूक ४००. राहिले साधारण ३,१००. वाईट नाही ना?

पण बी येते मार्च ते मे, आणि फोडायची असते वर्षभर. म्हणजे २५० दिवस काम हवं असेल तर २५ टन बी अडीच महिन्यांत घेऊन ठेवावी लागते. ती होते साडेबत्तीस लाखांची. माझी सगळी यंत्रं मिळून नऊ लाखांत आली. यंत्रांना अनुदान आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत. छान योजना, २०२० ला सुरू झाली, तालुक्यात बऱ्याच जणांनी घेतली. पण ज्याच्यासाठी खरा पैसा लागतो त्या बीसाठी बँकेच्या दारात उभं राहावं लागतं. मला कॅश क्रेडिट, म्हणजे माल घ्यायला खेळतं कर्ज, मिळालं १० लाखांचं, तेही घर तारण ठेवून. १० लाखांत येते पावणेआठ टन बी. ७७ दिवसांचं काम.

वरच्या ३,१०० मधून साठवणुकीतली तूट आणि व्याज मिळून बाराशे वजा करा, उरतात अठराशे-एकोणीसशे. यंत्रांचा हप्ता महिना १२,०००, वर्षाचे १,४४,०००. तो २५० दिवसांवर वाटला तर दिवसाला पावणेसहाशे जातात आणि मला तेराशे सुटतात. ७७ दिवसांवर वाटला तर दिवसाला अठराशे सत्तर. म्हणजे हातात भोपळा.

मग छोटे कारखानदार काय करतात? ऑगस्टनंतर मोठ्या व्यापाऱ्याची बी मजुरीवर फोडून देतात. बी त्याची, गर त्याचा, भावातली वाढ त्याची. आपण पत्र्याखाली बसलेले त्याचे मुकादम. पाटीवर मात्र 'उद्योग' लिहिलेलं.

आता खरा प्रश्न, यातून गरिबी कुणाची हटली? माझ्याकडच्या बाईला २५० दिवस काम मिळालं तर वर्षाचे ७०,००० होतात. ज्या घरात स्वतःची दहा झाडंही नाहीत त्या घरात हे पैसे मोठे आहेत. एकीने त्यावर मुलीला नर्सिंगला घातलं. आणि शेतकरी? मी गावातच घेतो म्हणून त्याला बाजारापेक्षा तीन-चार रुपये जास्त देतो. चाळीस झाडांची त्याची ३२० किलो बी. चार रुपयांनी झाले १,२८०. एवढ्यात गणपतीचा बाजारही होत नाही. म्हणजे गावात कारखाना असूनही बागवाल्याच्या घरात फारसं काही पोचलं नाही. आठ वर्षांत मला समजलेली ही सगळ्यात कडू गोष्ट.

गेली दोन वर्षं मी दुसरं काही करून बघतोय. पिठाची गिरणी कशी चालते? दळण तुमचं, पीठ तुमचं, गिरणीवाल्याला दळणावळ. तसंच इथे. शेतकऱ्याने आपली बी आणायची, मी फोडून, सोलून, प्रतवारी करून त्याचा गर त्याला परत द्यायचा. फोडणावळ किलोला ३० रुपये, टरफल माझं. मला १०० किलोमागे मजुरी, लाकूड आणि वीज जाऊन तेराशे सुटतात, यंत्रांचा हप्ता त्यातूनच जातो, म्हणजे आधीपेक्षा कमी. पण बीसाठी एक रुपया कर्ज नाही. आणि शेतकऱ्याच्या ३२० किलोंचे ८३ किलो गर होतात. ते मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांत, ओळखीत विकले की ६५,००० च्या आसपास. फोडणावळ आणि पॅकिंग-पार्सल वजा जाता ५३,००० हातात. तीच बी कच्ची विकली असती तर ४१,६००.

गेल्या हंगामात चौदा जणांनी अशी बी आणली. अडचणी भरपूर आहेत, त्या खाली विचाराल तशा सांगतो.

---

हिशेबनीस

पहिल्यांदाच कुणीतरी 'मूल्यवर्धन' हा शब्द न वापरता मूल्यवर्धनावर लिहिलेलं वाचलं. एक शंका. २६ टक्के उतारा, म्हणजे १०० किलो बीमागे २६ किलो गर, तुम्ही धरलाय. शेतकऱ्याने बी आणली आणि तुम्ही २३ टक्केच गर हातात ठेवले तर त्याला कसं कळणार? गिरणीत तरी पीठ डोळ्यांसमोर पडतं.

बियावाला

बरोबर नस पकडलीत. पहिल्या वर्षी यावरूनच दोघांशी वाजलं. आता बी आली की पोत्यात खालपर्यंत हात घालून एक किलो काढतो, शेतकऱ्यासमोर तिथेच फोडतो, गर वजन करून दोघांच्या वहीत लिहितो. त्याच्या पुढे-मागे अर्धा टक्का चालतो, त्याखाली गेलं तर माझ्या खिशातून. आणि प्रत्येकाचा लॉट वेगळा उकडायचा, वेगळ्या रंगाच्या सुतळीने बांधायचा. त्रास आहे, पण दुसरा उपाय मला सुचलेला नाही.

शिवाय बी कुठली त्यावर उतारा ठरतो. वेंगुर्ला-४ या सुधारित जातीला ३१ टक्क्यांपर्यंत गर निघतो असं संशोधन केंद्राचं पत्रक म्हणतं. तो प्रयोगशाळेतला आकडा. कारखान्यात साल गेली, ओल गेली, किडकी बी गेली की २६-२७ आले तरी देव पावला. वेंगुर्ला-७ ची बी तर दहा ग्रॅमची. तिचा अख्खा गर बघून गिऱ्हाईक दर विचारायचं विसरतं. पण जुनी गावठी झाडं असतील तर बी बारीक, गर बारीक, सोलायला वेळ दुप्पट. म्हणून गावठी बीला फोडणावळ ३४ घेतो. यावरूनही बोलणी खाल्लीत.

---

कापूसकोंडा

राजेहो, आमच्या यवतमाळकडं या तुम्ही. प्रक्रिया प्रक्रिया म्हणून आम्ही काय कमी केलं काय? जिनिंग झालं, प्रेसिंग झालं, सहकारी सूतगिरण्या झाल्या. भूमिपूजनाला मंत्री, उद्घाटनाला मंत्री, अन् बुडाल्यावर हिशेब मिटवणारा अवसायक नेमायला कोणीच नाही. शेतकऱ्याच्या शेअरचे पैसे गेले ते गेलेच. कापूस पिकवणारा तिथंच उभा हाय, गाडीच्या रांगेत.

तुमचा मुद्दा मले पटला तो एवढ्यासाठी की तुम्ही मालकी कोणाची ते विचारलं. कापसातून रुई निघते तिसरा हिस्सा, बाकी सरकी. सरकीचं तेल, ढेप, सगळ्याले भाव. पण जिनिंगच्या फाटकात कापूस गेला की तो आपला राहत नाही. तुमच्या गिरणीत तो आपला राहतो. आमच्याकडं कापसाची अशी गिरणी होऊ शकत नाही काय, यावर रात्रभर विचार केला. नाही होत. रुई घरी आणून करू काय, गादी?

बियावाला

गादीवर हसलो, पण मुद्दा गंभीर आहे. गर शेतकरी स्वतः विकू शकतो कारण गर थेट खाता येतो. गिऱ्हाईक म्हणजे मामेबहीण. रुईचं गिऱ्हाईक सूतगिरणीच असते. म्हणून ही युक्ती सगळ्या पिकांना लागू आहे असा माझा अजिबात दावा नाही.

---

खवट

साखर कारखान्यांचं उदाहरण कुणी कसं दिलं नाही अजून? १९५० ला प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी करून दाखवलंच की. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना, आणि त्यावर अख्खा पश्चिम महाराष्ट्र उभा राहिला. कोकणी माणसाला सहकार जमत नाही हे मान्य करा आणि मोकळे व्हा.

बियावाला

खवटराव, सहकार जमत नाही हे एक कारण असेलही. पण मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. ऊस तोडला की दिवसागणिक वजन आणि साखर दोन्ही उतरतात. त्यामुळे कारखाना उसाजवळच लागतो. नगरचा ऊस केरळात नेऊन गाळता येत नाही. शेतकरी आणि कारखाना एकमेकांच्या गळ्यात बांधलेले, म्हणून भांडत का होईना एकत्र नांदले.

काजूची बी नीट वाळवली की वर्षभर टिकते. ट्रकमध्ये घाला, मंगळूर. जहाजात घाला, व्हिएतनाम. ती कुठेही फुटू शकते, त्यामुळे ती आमच्याच गावात फुटावी अशी कुणाला निकड नसते. जिथे मजुरी स्वस्त किंवा यंत्र मोठं, तिथे ती जाते. पीक जितकं टिकाऊ तितका शेतकरी बळकट असं आपण म्हणतो. इथे बरोबर उलटं झालंय, टिकाऊपणाचा फायदा ज्याच्याकडे गोदाम त्याला.

खवट

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. +१. (लिहिताना हात थरथरला.)

---

मांडवीपार

गोव्यातून लिहितोय. दोन गोष्टी. एक, आमच्याकडे सरकार बीला आधारभूत किंमत देतं, २०२३ ला १२५ ची १५० केली. बाजार पडला की फरक मिळतो. दोन, तुम्ही सगळे बीवरच अडकलात, बोंडूबद्दल, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळाबद्दल, कुणी बोलतच नाही! बोंडूचं वजन बीच्या सहा-आठ पट असतं. आमच्याकडे तो वाया जात नाही. बोंडू पायाने किंवा यंत्राने चेचायचे, आपसूक गळतो तो नीरो, उरलेला रस आंबवून भाटीवर चढवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, तो परत गाळला की फेणी. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राकात लिंबू आणि मीठ घालून बसलेल्या माणसाला गरिबीबद्दल विचारू नका, तो उत्तर देणार नाही.

बियावाला

बांद्याच्या नाक्यापलीकडे, म्हणजे गोव्यात, बोंडूची फेणी होते, अलीकडे बोंडू झाडाखाली कुजतो आणि त्यावर माश्या घोंगावतात. झाड तेच, माती तीच. आमच्याकडे परवान्याचं घोडं अडतं. सरबत, जॅम, सुकवलेले बोंडू असे प्रयोग केले लोकांनी, विद्यापीठाकडे पाककृतीही आहेत. पण बोंडू झाडावरून पडल्यावर एक दिवस धड राहत नाही आणि घशाला तुरट लागतो. म्हणजे पाहा, बोंडू उसासारखा आहे, गावाबाहेर जाऊच शकत नाही. गावात उद्योग टिकायला खरं तर हाच शहाणा माल. पण त्यावर मी काही केलेलं नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

---

अबोलीचा वळेसर

माझी आई अकरा वर्षं काजू कारखान्यात होती. (यांच्या नव्हे, दुसऱ्या गावात. नाव लिहीत नाही.) हिशेब वाचला, चांगला आहे. पण त्यात एक रकाना नाही.

टरफलातलं तेल हातावर येतं. सुरुवातीला राख लावायची, मग खोबरेल, मग ग्लोव्हज दिले. पण ग्लोव्हज घालून बी पात्यात नीट बसत नाही, पाकळ्या होतात, मुकादम ओरडतो. म्हणून सगळ्या जणी काढून ठेवायच्या. आईच्या बोटांची कातडी सापाच्या कातीसारखी निघायची. भाकरी थापताना पिठात मीठ असलं की डोळ्यांत पाणी. हे सगळं तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं आणि तिचा अंगठा उमटेना. रेषाच नाहीत. तीन महिने धान्य नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, मशीन तुम्हाला ओळखत नाही." शेवटी माझ्या भावाचं नाव जोडून अंगठा दिला.

प्रक्रिया उद्योगाने गरिबी हटते म्हणता, तर हटली, खोटं नाही बोलणार. मी शिकले ती त्याच पैशांवर. पण ज्या अंगठ्याने हटली त्या अंगठ्याला रेशन मिळेना.

उपासाची भाजणी

ताई, वाचून गप्प बसले थोडा वेळ.

बियावाला

ताई, काय लिहू. माझ्याकडे कटरवर तिघी आहेत आणि तिघींचे हात मी रोज बघतो. तीन वर्षांपूर्वी बोटांची टोकं उघडी ठेवून बाकी पंजा झाकणारे मोजे शिवून घेतले. पण तेल टोकांनाच जास्त लागतं, त्यामुळे अर्धाच उपयोग. आपोआप फोडणारं यंत्र आहे, व्हिएतनामने सगळी बाजारपेठ त्यावरच मारली. आमच्या आवाक्यातलं घेऊन एक महिना चालवून पाहिलं. बी एकसारख्या आकाराची नसेल तर पाकळ्या फार होतात, आणि तिघींचं काम जातं. तिघींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हात गेले तरी चालतील, काम नको जायला." हे उत्तर ऐकून मी यंत्र परत केलं. चांगलं केलं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही.

अबोलीचा वळेसर

विचारलंत तरी. आईला कुणी विचारलं नव्हतं.

---

चाकरमानी नं. १

२८० रुपये मजुरी? आजच्या काळात? बांधकामावर बाईला याच्या दीडपट मिळतात. स्वस्त मजुरीवर उभा असलेला धंदा गरिबी हटवतो म्हणणं म्हणजे विनोद आहे.

बियावाला

आकडा कमी आहे, मान्य. बांधकाम वर्षात चार महिने आणि तेही टेम्पोत बसून जायचं. इथे घरून जेवण करून दहाला येतात, पाचला घरी. म्हणून येतात. पण ही माझी सोय झाली, त्यांचा न्याय नव्हे, हेही कळतं.

केरळात कोल्लममध्ये हा प्रश्न पन्नास वर्षं चघळला गेलाय. तिथे संघटना मजबूत, मजुरी वाढली. मग मालकांनी बी सीमा ओलांडून तामिळनाडूत फोडायला सुरुवात केली. वर बी परदेशातून येणारी, तिचा दर आपल्या हातात नाही. कारखाने शेकड्यांनी बंद पडले. तुम्ही मजुरी ४०० करा म्हणालात तर माझा दिवसाचा खर्च ८४० ने वाढतो आणि तेराशेतले साडेचारशे उरतात. फोडणावळ ३० ची ३८ केली तर बसतं. शेतकरी ३८ देईल का, हे या हंगामात विचारून बघणार आहे. बैठकीत दोन्ही बाजू समोरासमोर बसवणार. बागवाल्याची सून आणि कटरवरची बाई कधी कधी एकच असते, हे आमच्या गावात बरं आहे.

---

पुस्तकी किडा

आफ्रिकेचा संदर्भ देतो, कारण हीच गोष्ट तिथे मोठ्या पडद्यावर झालीय. मोझांबिक एकेकाळी काजूत जगात आघाडीवर होता आणि गर स्वतः काढून निर्यात करायचा. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहावरून त्यांनी कच्च्या बीवरचा निर्यातकर उतरवला. तर्क असा की शेतकऱ्याला बीचा जास्त भाव मिळेल. बी मुख्यतः भारतात यायला लागली, तिथले कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले, त्यात बायका पुष्कळ. आणि शेतकऱ्याच्या हातात वाढीव जे पडलं ते अगदी किरकोळ, मधल्या व्यापाऱ्यांनीच बरंचसं खाल्लं. आज आयव्हरी कोस्ट सर्वांत जास्त बी पिकवतो आणि त्यातली बरीचशी कच्चीच बोटीवर चढते.

म्हणजे आपण इथे ज्या 'बाहेरच्या बी'ला शिव्या देतो ती अशाच कुणाच्या तरी बंद कारखान्याच्या दारावरून आलेली असते.

हिशेबनीस

आणि ती बी येताना तिच्यावर कर किती, यावर आपल्याकडच्या बागवाल्याचा भाव ठरतो. २०१६ ला आयात बीवर ५ टक्के शुल्क लावलं, २०१८ ला अडीचवर आणलं. कारखानदार म्हणतात शुल्क काढा, बागवाले म्हणतात वाढवा. बियावाला, तुम्ही तर दोन्ही आहात, तुम्ही काय म्हणता?

बियावाला

बी घेताना कारखानदार, मतदानाला बागवाला.

---

तिरफळ

तुमचो हिशोब बरो असा, पण एक गोष्ट इसारलास. शेतकरी बी ठेवतलो खंय? आमच्या घरात पावसात भात, लाकडां, गुरांचो चारो, सगळां एकाच पडवेत. बी ठेवली की उंदीर इले, बुरशी इली. आणि मे महिन्यात पोरांची फी, कौलां परतूची, लावणीचे मजूर. त्या वक्ताक पैशे खंयसून हाडूचे? म्हणान लोक इकतत. हौस म्हणान नाय.

बियावाला

तिरफळानु, ह्या शंभर टक्के खरां.

(बाकीच्यांसाठी प्रमाण मराठीत.) म्हणूनच चौदाच जण आले, चाळीस नाही. आणि त्या चौदांनीही सगळी बी आणली नाही. निम्मी एप्रिलमध्ये रोख विकली, निम्मी फोडायला दिली. मी हेच सुचवतो. पहिल्या वर्षी तर फक्त पन्नास किलो आणा म्हणतो. ५० चे १३ किलो गर, ते नातेवाइकांतच खपतात, आणि अंदाज येतो.

दुसरं, पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समितीमार्फत चालते, काजू बी तिच्यात बसते. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, १८० दिवस मुदत. सोयाबीन, हळद, बेदाणावाले ती सर्रास वापरतात. आमच्याकडे कुणाला सांगितलं तर आधी विचारतात, "तारण म्हणजे दागिने?" गोदाम जवळ नाही ही खरी अडचण. वीस किलोमीटर टेम्पोभाडं देऊन तीन पोती कोण नेणार? मी दहा जणांची मिळून एकदा नेली. भाडं माणशी दीडशे पडलं. ते परवडतं.

सांगलीची हळद

आमच्याकडे हे फार वर्षं चालू आहे म्हणून लोकांना धीर आहे. हळद शेतकरीच शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि भाव बघून काढतो. पाच किलो ओल्या हळदीची एक किलो वाळकी होते, तेवढी प्रक्रिया गावातच होते. शिजवायचा कुकर ट्रॅक्टरला लावून शेतात येतो, भाड्याने. म्हणजे तुमची गिरणी आमच्याकडे चाकांवर आहे. पण पूड करायचं म्हटलं की शेतकरी थबकतो, कारण पुडीला डबा लागतो, नाव लागतं, परवाना लागतो आणि उधारी मागणारा दुकानदार लागतो. तुमच्या चौदा जणांचा माल नातेवाइकांत खपला. चारशे जण झाले तर एवढे नातेवाईक कुठून आणणार?

बियावाला

ह्या प्रश्नावर मी दोन महिने अडकलोय. चौदा जणांचा गर आला पाऊण टनाच्या आसपास. चारशे जण झाले तर वीस टनांच्या पुढे. तेवढा व्हॉट्सअ‍ॅपवर विकत नाही. तेव्हा एक नाव, एक पाकीट, एक कुणीतरी विकणारा लागेल, आणि तो विकणारा पुन्हा व्यापारीच होईल. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण पाकिटावर ते छापणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझा अंदाज असा की एका गिरणीने साठ-सत्तर घरांच्या वर जाऊ नये. त्यापुढे दुसऱ्या गावात दुसरी गिरणी. हा अंदाजच आहे, अनुभव चौदाचाच.

---

गणपतीत घरी

मी दापोलीकडचा, चाळीसेक झाडं, सध्या ठाण्यात. वडील दरवर्षी बी दारावर आलेल्याला देऊन टाकतात. फोडून घ्यायचं ठरवलं तर वडिलांना काय सांगू? बी वाळली हे कसं ओळखायचं?

बियावाला

झाडावरून काढलेली नको, खाली पडलेलीच गोळा करायला सांगा. बोंडू त्याच दिवशी पिळून वेगळा करायचा. दोन-तीन कडक उन्हं द्यायची, पण सिमेंटच्या खळ्यावर दुपारी एकदा तरी हलवायची, नाहीतर एक बाजू करपते. नख टरफलात रुतलं की ओली आहे. मूठभर बी कानाशी धरून हलवा, आत गर खडखडला की वाळली. मग तागाच्या गोणीत, जमिनीवर नाही, फळीवर. प्लास्टिकच्या खताच्या गोणीत भरलेली बी मी घेत नाही, आधीच सांगून ठेवतो. आत घामेजते आणि गराला काळे डाग येतात.

दापोलीहून सावंतवाडीला बी आणणं परवडायचं नाही. तुमच्याच तालुक्यात कुणाकडे कटर असेल तर त्याला हा धागा दाखवा आणि फोडणावळ विचारा.

गणपतीत घरी

दाखवतो. आणि यंदा तुमच्याकडचे दोन किलो अख्खे हवेत, तुमच्याकडे येऊन घेऊन जाईन. येताना पिशवी आणू का?

बियावाला

पिशवी नको, डबा आणा. परतीच्या गर्दीत पिशवीवर कुणीतरी बसतं, ठाण्याला उतरेपर्यंत अख्ख्याच्या पाकळ्या होतात, आणि किलोमागचे ते २०० रुपये तुमच्या खात्यात मांडावे लागतील.